लघवीची धार बारीक झाली आहे: वय म्हणून सोडून द्यायचं की दाखवायचं?

देवराई

साखर, बीपी, गुडघे यांवर मोकळेपणाने बोलणारी माणसं लघवीचा विषय निघाला की गप्प होतात. धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब गळत राहतं, बाहेर येऊन बसलं की पुन्हा जावंसं वाटतं. साठीपुढच्या कितीतरी पुरुषांचं हे रोजचं आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आता वय झालं."

माझ्या थोरल्या काकांचंही तेच उत्तर होतं. ते बार्शीकडे असतात, सत्तरी ओलांडली तरी शेती स्वतः बघतात. रात्री सारखे उठायचे. मग झोपेत धोतर ओलं व्हायला लागलं. ते त्यांनी काकूलाही कळू दिलं नाही, पहाटे उठून स्वतःच धुऊन टाकायचे. ओटीपोट फुगलेलं होतं, ते सगळ्यांना गॅसेस वाटले. दुखत अजिबात नव्हतं. पुढे भूक गेली, मळमळायला लागलं, पायावर सूज आली, तेव्हा कुठे रक्त तपासलं. मूत्रपिंडं नीट काम करत नसली की रक्तात वाढणारं क्रिएटिनीन ६ च्या वर. सोनोग्राफीत मूत्राशयात लिटरभराहून जास्त लघवी साठलेली आणि दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली. नळी घातली. पहिले काही दिवस इतकी लघवी होत होती की सलाईन लावून रक्तातल्या क्षारांवर लक्ष ठेवावं लागलं. क्रिएटिनीन हळूहळू उतरून २ च्या आसपास येऊन थांबलं. त्याखाली गेलं नाही.

"लघवी होतेय ना, मग अडलंय कुठे?" हे वाक्य मी या काळात गावात इतक्या जणांकडून ऐकलं की धागा काढावासा वाटला. होत होती हे खरं. पण मूत्राशय रिकामं होत नव्हतं. इथे डॉक्टर मंडळी आहेत, यातून गेलेले लोकही असतील. धार कमी झाली की कधी थांबून बघायचं, कधी लगेच जायचं, कोणत्या तपासण्या असतात, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का, हे साध्या शब्दांत इथे यावं. काकांना आता ऑपरेशन सांगितलं आहे, त्याबद्दलही विचारायचं आहे.

मूत्रशल्यक

देवराई, विषय काढलात हे फार चांगलं केलंत. मी यूरॉलॉजिस्ट आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण ओपीडीत रोज जे समजावून सांगतो ते लिहितो.

काकांना झालं ते लघवी जुनाट तुंबणं. अचानक लघवी अडली तर माणूस तळमळतो, रात्री दोन वाजतासुद्धा दवाखाना गाठतो. हे मात्र महिनोन्महिने सावकाश होत जातं. मूत्राशय ताणलं जातं, भरल्याची जाणीव बोथट होते आणि दुखत नाही. काठोकाठ भरलं की वरचं थोडं थोडं बाहेर पडतं, आणि घरच्यांना वाटतं लघवी होतेय. झोपेत स्नायू सैल पडतात तेव्हा अंथरूण ओलं होतं. वयस्कर माणसाचं अंथरूण नव्याने ओलं व्हायला लागलं तर "ताबा सुटला" म्हणून डायपर आणण्याआधी तुंबलंय का ते बघा. एका सोनोग्राफीत कळतं. या धाग्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आता धारेबद्दल. शेतात पाणी कमी आलं तर मोटर दमली की पाइप चेपला, हे नुसतं पाणी बघून कळत नाही. इथेही तसंच आहे. मूत्राशयाचा स्नायू जोर लावतो आणि लघवी पुढच्या मार्गातून बाहेर येते. मार्ग अरुंद असेल तरी धार बारीक होते आणि स्नायू कमजोर असेल तरीही बारीकच होते. पन्नाशीनंतर मार्ग अरुंद होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे प्रोस्टेट वाढणं. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं, वयाबरोबर ती वाढते. ही वाढ कर्करोगाची नव्हे. स्नायू कमजोर होण्याची कारणं वेगळी आहेत. बरीच वर्षं असलेला मधुमेह, पार्किन्सन, मणक्याचे आजार, आणि वर्षानुवर्षं अडथळ्याविरुद्ध जोर लावून दमलेलं मूत्राशय. या शेवटच्या प्रकारात उशिरा ऑपरेशन केलं तर मार्ग मोकळा होतो, पण धार हवी तशी परत येत नाही. "बघू पुढे" म्हणण्यातलं नुकसान तिथे असतं.

रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचा आकार वाचून लोक घाबरतात किंवा निश्चिंत होतात. दोन्ही चूक. ८० ग्रॅमची ग्रंथी असून सुखाने झोपणारे आहेत आणि ३० ग्रॅमची असून लघवी पूर्ण अडलेले आहेत. ग्रंथी बाहेरच्या बाजूला वाढली की मूत्राशयाच्या तोंडात घुसली, यावर बरंच अवलंबून असतं.

तपासण्या फार नाहीत आणि त्यातल्या बहुतेक दुखत नाहीत. सुरुवातीला ७ प्रश्नांचा एक कागद भरायला देतात. पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटतं का, धार तुटते का, जोर करावा लागतो का, रात्री कितीदा उठता, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० किंवा जास्त असेल तर तीव्र. मग लघवीची तपासणी, साखर, क्रिएटिनीन, गरजेप्रमाणे पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी, आणि गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी. हिला लोक लाजतात. अर्ध्या मिनिटात होते आणि तिच्यात हाताला जे कळतं ते रक्ताच्या तपासणीत कळतंच असं नाही.

सोनोग्राफीत आम्हाला सगळ्यात आधी बघायचं असतं लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहिली ते. ५० मिलीच्या आत असेल तर छान. २००-३०० च्या वर सतत दिसत असेल तर तो माणूस आमच्या नजरेखाली हवा. एक गोष्ट आवर्जून सांगतो. सोनोग्राफीला जाताना लोक दोन बाटल्या पाणी पितात आणि नंबर येईपर्यंत कळ सोसत बसतात. इतकं ताणलेलं मूत्राशय चांगल्या माणसाचंही नीट रिकामं होत नाही आणि शिल्लक खोटी जास्त दिसते. नेहमीएवढी लघवी लागली की सांगा, "आता घ्या."

आणि यूरोफ्लो. एका यंत्रात नेहमीसारखी लघवी करायची, ते धारेचा आलेख काढतं. निदान १५० मिली झाली तरच आलेख ग्राह्य धरतात. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर सहसा चिंता नसते, १० च्या खाली असेल तर पुढे शोध घ्यावा लागतो. दोष मार्गाचा की स्नायूचा हे मात्र यूरोफ्लो सांगत नाही. त्यासाठी काही जणांना यूरोडायनॅमिक्स नावाची मोठी तपासणी लागते.

अंगणातली_तुळस

खूप उपयोगी माहिती. ह्यांचं सांगते. वय ६६, धार थोडी कमी होती, पण तक्रार काही नव्हती. थंडीत सर्दी झाली म्हणून दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून लघवीच होईना. घरी सगळे म्हणत होते पाणी प्या, पाणी प्या. संध्याकाळपर्यंत ओटीपोट दगडासारखं. इस्पितळात नळी घातल्याबरोबर चेहरा बदलला त्यांचा. सर्दीच्या गोळीने असं होतं का?

मूत्रशल्यक

होतं, आणि दर हिवाळ्यात होतं. नाक मोकळं करणारी औषधं मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात. फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन ही त्यातली नावं, पाकिटावर बारीक अक्षरात असतात. जोडीला असलेलं क्लोरफेनिरामिनसारखं झोप आणणारं औषध मूत्राशयाचा जोर कमी करतं. प्रोस्टेट मोठी असेल तर एवढंही पुरतं. ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांनी सर्दीचं औषध घेताना दुकानदाराला तसं सांगा, शक्यतो डॉक्टरांना विचारून घ्या. तीव्र बद्धकोष्ठ, मद्यपान, लांबच्या प्रवासात तासन्‌तास धरून ठेवणं, हर्नियासारख्या ऑपरेशननंतरची भूल, यांनीही लघवी अडू शकते.

अडली असताना आणखी पाणी पाजू नका. बाहेर जायला वाट नाही आणि आत भर पडते. कोमट पाण्यात बसून काहींना होते, ते गाडी येईपर्यंत करून बघा, त्यात तास घालवू नका. जवळच्या कोणत्याही इस्पितळात नळी घालता येते, त्यासाठी यूरॉलॉजिस्टच हवा असं नाही. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

सिस्टर_वॉर्ड_७

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. नळी घालून घरी पाठवलेल्या माणसाबद्दल नातेवाईकांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहिते.

पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली हवी. खाटेवर रुग्णाशेजारी ठेवली की लघवी उलटी जाते. पण जमिनीला टेकू देऊ नका. नळीला पीळ पडलाय का ते कूस बदलल्यावर बघा. मांडीला चिकटपट्टीने नळी बांधून घ्या, म्हणजे ओढली जात नाही. आंघोळ चालते, नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने धुवा. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. पिशवीत काही तास काहीच आलं नाही आणि पोट दुखतंय, थंडी वाजून ताप आला, किंवा गुठळ्या दिसल्या, तर लगेच या. नळी बदलायची तारीख लिहून घ्या आणि पाळा. साधी नळी काही आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त काळ चालते. आतला फुगा न सोडता घरी नळी ओढून काढायचा प्रयत्न कृपा करून करू नका. मार्ग फाटून रक्तस्राव झालेले रुग्ण आम्ही बघतो, आणि त्या जखमेतून पुढे मार्ग कायमचा अरुंद होतो.

तुळसताई, तुमच्या यजमानांची नळी निघाली का?

अंगणातली_तुळस

हो सिस्टर, निघाली. आधी टॅम्सुलोसिन हे लघवीचा मार्ग सैल करणारं औषध सुरू केलं, मग काही दिवसांनी नळी काढून लघवी होते का ते तिथेच बसवून बघितलं. झाली. शिल्लक मोजली, ती कमी होती म्हणून घरी सोडलं.

घाटमाथा

सगळे वयस्कर लोकांबद्दल बोलत आहेत म्हणून लिहितो. मी तिशीत आहे. बाइकच्या अपघातात कंबरेचं हाड मोडलं होतं. ते बरं झालं, पण पुढच्या काही महिन्यांत धार बारीक होत गेली, दोन फाटे फुटायला लागले, पाच मिनिटं उभं राहावं लागायचं. तरुण असल्यामुळे एका ठिकाणी जळजळीची औषधं देत राहिले. शेवटी लघवीच्या मार्गात औषध सोडून त्याचा एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मार्गात व्रण होऊन तो आकसला आहे. आधी रुंद करून घेतला, काही काळ बरं वाटलं, पुन्हा तेच. मग मोठं ऑपरेशन झालं. आता धार लहानपणासारखी आहे.

तिशी-चाळिशीतल्या कोणाची धार कमी होत असेल तर प्रोस्टेट समजून गोळ्या खात बसू नका.

मूत्रशल्यक

घाटमाथा, हे लिहिलंत ते फार मोलाचं. याला स्ट्रिक्चर म्हणतात. अपघात, सायकलच्या दांड्यावर किंवा कुंपणावर आदळून दोन्ही मांड्यांच्या मध्ये बसलेला मार, पूर्वी घातलेली नळी किंवा दुर्बीण, परम्यासारखा जुना लैंगिक संसर्ग, आणि शिस्नाच्या टोकाची त्वचा पांढरी, चिवट करणारा एक आजार, ही त्याची मुख्य कारणं. धार फुटणं, फवारा उडणं ही खूण, पण ती असतेच असं नाही. यूरोफ्लोचा आलेख उंच टोक न येता सपाट पठारासारखा आला की आम्हाला शंका येते.

मार्ग वारंवार रुंद करत राहणं किंवा दुर्बिणीतून पुन्हा पुन्हा कापणं हा कायमचा उपाय नव्हे. दर वेळी नवा व्रण होतो आणि पुढच्या वेळी यशाची शक्यता घटते. तरुण माणसाने यूरेथ्रोप्लास्टीबद्दल, म्हणजे मार्ग नव्याने दुरुस्त करायच्या ऑपरेशनबद्दल, वेळेत विचारावं. लांब स्ट्रिक्चरमध्ये गालाच्या आतलं अस्तर काढून मार्गाला लावतात. या कामात पुण्याचं नाव जगभर आहे. तिथल्या डॉ. संजय कुलकर्णी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत परदेशातले सर्जनही वापरतात.

आणि इथे गुटख्याचा संबंध येतो, जो कुणाच्या डोक्यातही नसतो. गुटखा, मावा, सुपारी खाऊन गालाचं अस्तर जाड, पांढरं, ताठ झालेलं असतं, काहींचं तोंड धड उघडत नाही. मग लावायला चांगलं अस्तरच मिळत नाही. हे मी वरचेवर बघतो आणि वाईट वाटतं.

मृण्मयी_प

बायकांचं काय? मी तालुक्याच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसतं, म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी घरी येईपर्यंत आम्ही जातच नाही, पाणीही पीत नाही. आमच्यातल्या दोघींना आता जोर केल्याशिवाय लघवी होत नाही आणि दर दोन-तीन महिन्यांनी उन्हाळी लागते. बायकांना प्रोस्टेट नसते म्हणून त्यांना हा त्रास नसतो असं गृहीत धरतात.

सिस्टर_वॉर्ड_७

मृण्मयीताई, अगदी बरोबर. आमच्याकडे येणाऱ्या बायकांची गोष्ट बहुतेक वेळा हीच. वर्षानुवर्षं लघवी धरून ठेवायची सवय, कमी पाणी, आणि अस्वच्छ कमोडला अंग लागू नये म्हणून अर्धवट वाकून उभ्याने करणं. तसं केलं की खालचे स्नायू आवळलेलेच राहतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. शक्य असेल तिथे नीट बसा, भारतीय पद्धतीचं असेल तर पूर्ण उकिडव्या बसा, घाई करू नका, जोर लावू नका.

दुसरं कारण अंग बाहेर येणं. बाळंतपणानंतर, जड ओझी उचलून गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकतं आणि लघवीचा मार्ग मुडपतो. काही बाया सांगतात की बोटाने आत ढकललं की मगच होते. हे सासूला, नवऱ्याला, कोणालाच सांगितलेलं नसतं. याला उपाय आहे. व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग असते, ऑपरेशन आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ बायकांच्या सार्वजनिक मुताऱ्यांसाठी लढते आहे. मला तो आरोग्याचाच लढा वाटतो. शाळेच्या व्यवस्थापन समितीत हा मुद्दा तुम्ही सगळ्या शिक्षिकांनी मिळून लावून धरा.

मूत्रशल्यक

सिस्टरांशी पूर्ण सहमत. एवढीच भर घालतो की जोर करावा लागतो आणि वारंवार संसर्ग होतो, अशा बाईची साखर आणि लघवीनंतरची शिल्लक बघायलाच हवी. दर वेळी प्रतिजैविकांचा कोर्स देऊन घरी पाठवणं पुरेसं नाही.

चिऊताई

लहान मुलांमध्येही असतं का? माझ्या बहिणीला सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाची मूत्रपिंडं फुगलेली दिसतात असं सांगितलं होतं. मुलगा झाला. लघवी करतो, पण कारंजं उडत नाही, नुसती ओघळते.

मूत्रशल्यक

चिऊताई, हे आजच बालशल्यचिकित्सकांना दाखवा, उद्यावर ढकलू नका. मुलग्यांमध्ये लघवीच्या मार्गात जन्मतःच पातळ पडद्यासारखी झडप असू शकते. पोटात असतानाच लघवी अडते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. बारीक दुर्बिणीतून ती झडप तोडता येते. जितकं लवकर, तितकी मूत्रपिंडं वाचण्याची शक्यता जास्त. गरोदरपणातला सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या.

इतर पालकांसाठी: लहान मुलाची पुढची कातडी मागे सरकत नाही हे बहुधा नैसर्गिक असतं. तेल लावून जबरदस्तीने ओढू नका. लघवी करताना कातडी सतत फुग्यासारखी फुगते, धार बारीक येते किंवा संसर्ग होतो, तेव्हा दाखवा.

चिऊताई

धन्यवाद डॉक्टर. आत्ताच बहिणीला फोन केला, निघाले आहेत ते.

रानमेवा

आमच्याकडे गोखरू, वायवर्णा, पळसाच्या फुलांचं पाणी, धने-जिरे पाणी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्याने गुण येतो हा माझा अनुभव आहे. प्रत्येक वेळी गोळ्या आणि ऑपरेशनच का?

मूत्रशल्यक

प्रत्येक वेळी अजिबात नाही. सौम्य त्रास असेल, शिल्लक कमी असेल, मूत्रपिंडं चांगली असतील तर मी स्वतः काहीच औषध न देता वर्षातून एकदा तपासायला बोलावतो. संध्याकाळनंतर चहा-पाणी कमी करा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, एकदा झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. पायावर सूज असेल तर दुपारी पाय उंच ठेवून पडा, म्हणजे ते पाणी रात्री लघवीवाटे उतरत नाही. लघवी झाल्यावर पँटमध्ये दोन-चार थेंब पडतात, तर अंडकोशाच्या मागे बोटांनी दाबत पुढे आणा, नळीच्या बाकात राहिलेली लघवी निघून जाते. एवढ्यावर कित्येकांचं भागतं.

माझी हरकत काढ्यांना नाही, न तपासता घेतलेल्या काढ्यांना आहे. यातली बरीच द्रव्यं लघवीचं प्रमाण वाढवतात. उन्हाळीमध्ये त्याने बरं वाटेल, पण मार्ग बंद होत आलेल्या माणसात मूत्राशय लवकर भरतं. एकदा शिल्लक आणि क्रिएटिनीन बघून घ्या, मग वैद्यांच्या सल्ल्याने जे घ्यायचं ते घ्या. आणि डॉक्टरांना सांगून घ्या.

रानमेवा

हे पटलं. आमचे वैद्यही सोनोग्राफी केल्याशिवाय औषध देत नाहीत.

देवराई

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, दोन प्रश्न राहिले. कधी पळायचं, हे एकदा सलग लिहाल का? गावच्या ग्रुपवर टाकायचं आहे. आणि गोळ्या व ऑपरेशनबद्दल.

मूत्रशल्यक

ग्रुपवर टाकण्यासाठी:

लघवी पूर्ण अडली तर तासभरही थांबू नका. धार बारीक आहे आणि थंडी वाजून ताप आला, तरी त्याच दिवशी इस्पितळ. लघवीत रक्ताच्या गुठळ्या पडत असतील तरी तसंच. पाठीत किंवा पायात कळ येते, बसायच्या जागेला बधिरपणा आलाय आणि लघवी होत नाही किंवा कळत नाही, तर मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात. तिथे काही तासांचा उशीरही कायमचा महाग पडतो, सरळ मोठ्या इस्पितळात जा. ज्यांना एकच मूत्रपिंड आहे त्यांनी धारेतला कोणताही नवा बदल गंभीरपणे घ्यावा.

काही दिवसांत दाखवायचं ते असं. लघवीतून लाल रक्त एकदाच गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरीही दाखवायचंच. मूत्राशयाचा कर्करोग असाच सुरू होतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो जास्त दिसतो. रात्री नव्याने अंथरूण ओलं होणं, ओटीपोटात गोळा लागणं, परत परत संसर्ग, धार एकदम तुटते आणि हलल्यावर पुन्हा सुरू होते (मूत्राशयात खडा असू शकतो), हेही यातच.

बाकी धार नुसती मंदावली आहे, तर सवडीने दाखवा, पण दाखवा.

गोळ्या दोन जातीच्या. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या मार्गाचे स्नायू सैल करतात, काही दिवसांत फरक कळतो. ग्रंथी लहान करत नाहीत, म्हणून बंद केल्या की त्रास बहुधा परत येतो. उठताना चक्कर येऊ शकते, रात्री लघवीला उठताना आधी खाटेच्या कडेला जरा बसा. काहींना वीर्य बाहेर येत नाही, त्याने अपाय नाही. दुसरी जात फिनास्टेराइड आणि ड्यूटास्टेराइड. या मोठी ग्रंथी सावकाश आटवतात, परिणामाला सहा महिने द्यावे लागतात. लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, तसं झालं तर न लाजता सांगा. या गोळ्यांनी पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून पीएसए करताना ही गोळी चालू असल्याचं सांगायला विसरू नका, नाहीतर वाढलेला आकडा नॉर्मल दिसतो.

पीएसएबद्दल आणखी एक. ४ हा जुना ठोकताळा आहे. संसर्ग, नुकतीच घातलेली नळी, लघवी तुंबणं यांनीही तो वाढतो, मग काही आठवड्यांनी पुन्हा करतात. वाढला म्हणजे कर्करोगच असं नाही. उलट, प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, त्यामुळे धार उत्तम असतानाही तो असू शकतो. धार आणि कर्करोग यांची सांगड घालू नका.

काकांच्या बाबतीत मूत्रपिंडांवर परिणाम झालाय, त्यामुळे ऑपरेशनचा सल्ला योग्य वाटतो. दुर्बिणीतून ग्रंथीचा अडवणारा भाग खरवडून काढतात किंवा लेसरने सोडवतात, पोटावर टाका नसतो. नळी बहुधा काही दिवसांत निघते. काही आठवडे जळजळ, घाई, अधूनमधून लालसर लघवी चालते. ओझं उचलणं आणि शौचाला जोर लावणं टाळा. त्यांचं मूत्राशय बराच काळ ताणलेलं होतं, त्यामुळे ऑपरेशननंतर ते किती जोर धरतं हे आत्ता सांगता येणार नाही. हा प्रश्न त्यांच्या सर्जनना आधीच विचारा. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या.

अंगणातली_तुळस

डॉक्टर, शेवटचं विचारते. ह्यांचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. टॅम्सुलोसिन चालू आहे, त्याचा डोळ्याशी काही संबंध नसेल ना?

मूत्रशल्यक

आहे. या औषधाने बुबुळाचा रंगीत पडदा सैल पडतो आणि ऑपरेशन चालू असताना फडफडतो. नेत्रतज्ज्ञांना आधी माहीत असेल तर ते वेगळी औषधं आणि साधनं तयार ठेवतात, मग अडचण येत नाही. गोळी आधी काही दिवस बंद केली तरी हा परिणाम राहू शकतो, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, नाहीतर लघवी पुन्हा अडायची. गोळ्यांचं पाकीट घेऊनच तपासणीला जा आणि नेत्रतज्ज्ञांच्या हातात द्या.

अंगणातली_तुळस

पाकीट आत्ताच डोळ्यांच्या फाइलमध्ये ठेवलं.